आवाजावर यायचं

१

डेपोत त्याला भोंगा म्हणायचे, आणि भोंग्याचं तोंड बंद पडलं यावर निम्म्या डेपोचा विश्वासच बसेना. गाड्यांच्या सगळ्या घोषणा त्याच्याच तोंडून व्हायच्या. कुठली गाडी येतेय, कुठल्या फलाटाला लागतेय, कधी सुटतेय, सगळं. घरीही माणूस तसाच, अखंड बडबड. बायको आल्यागेल्याला म्हणायची, "ह्यांचा स्विच कुठाय तेवढा सांगा कुणीतरी."

तोच माणूस आता पुढच्या खोलीत उशांना टेकून गप्प बसला होता. जबडा मोडलेला, डाव्या गालाचं हाड आत गेलेलं. सर्जनबाईंनी गालात पट्टी घालून स्क्रू मारले, जबडा जुळवला आणि वरचे दात खालच्या दातांना तारांनी घट्ट आवळून टाकले. "हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. घरच्यांना तेवढाच आराम," असं म्हणून त्या हसल्या. बायकोही हसली. भोंग्याला हसता येत नव्हतं.

निघताना बाईंनी बायकोच्या हातात एक छोटा कटर दिला. उलटी आली, जीव गुदमरला, तर कुठल्या तारा कापायच्या ते दोघांनाही आरशात दाखवलं. एरवी हात लावायचा नाही, वेळेआधी कापलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, असा दमही दिला. बायकोनं घरी येऊन तो कटर पलंगाजवळच्या खिळ्याला दोरीनं अडकवून ठेवला.

मग सुरू झालं ते रोजचं रामायण. सूप करायचं, मिक्सरमधून काढायचं, गाळायचं, परत गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबायची. सिरिंजला लावलेली ती रबरी नळी गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागं सरकवायची आणि हळूहळू दट्ट्या दाबायचा. अर्धं पोटात जायचं, अर्धं हनुवटीवरून टॉवेलवर. ओठ बधिर, त्यामुळं गळतंय हेसुद्धा त्याला कळायचं नाही. मग सिरिंज धुवा, तारांवर पाणी मारा, ओठांना मलम लावा, उशा नीट करा. एवढं उरकेपर्यंत पुढच्या सूपची वेळ. दोघंही पार थकून गेली होती, आणि थकलो असं बोलून दाखवायचंही जिवावर यायचं.

या घरात एकमेकांकडं बघून बोलायची पद्धतच नव्हती. बायको ओट्याशी पाठमोरी, नवरा खोलीत, पोर कुठंतरी खेळत, आणि जो तो आपल्या जागेवरूनच विचारायचा नि आपल्या जागेवरूनच उत्तर द्यायचा. आता भोंग्याजवळ लेकीची जुनी पाटी होती, पण पाटीवरचं स्वयंपाकघरात कसं ऐकू जाणार? बायको सवयीनं विचारायचीच, "अहो, दूध आत्ता देऊ का?" आणि मग जीभ चावायची.

एका दुपारी तिनं असंच विचारलं आणि थोडं थांबून म्हणाली, "बरं, नंतर देते."

भोंगा खडू हातात धरून बसला होता. पाटीवर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

२

लेकीचं नाक इवलंसं, गोल, म्हणून तिला घरात बटण म्हणायचे. नुकतीच शाळेत जायला लागलेली. बाबा दवाखान्यातून आला म्हणून ती धावत आली होती, ती दारातच थबकली. त्याचा एक डोळा सुजून मिटलेला, गाल जांभळा नि पिवळा, सुटलेल्या ओठांतून तारा चमकतायत. त्यानं हात पुढं केला तशी ती आईच्या मागं गेली.

"अगं, बाबाच आहे तो," आई म्हणाली.

"मग त्याला बोल म्हणावं ना."

यात पोरीचा काही दोष नव्हता. हे तिला त्यानंच शिकवलेलं. मागं एकदा ती डेपोत हरवली होती. तिथं सगळेच निळ्या शर्टातले. एकाला बाबा समजून ती त्याच्यामागं पार वर्कशॉपपर्यंत गेली, आणि इकडं भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी त्यानं माइकवरून तिला हाका मारल्या, तेव्हा कुठं ती गर्दीतून वाट काढत बरोबर केबिनखाली येऊन उभी राहिली. त्यानंतर त्यानं घरात खेळच सुरू केला. तिनं डोळे मिटायचे, यानं कुठंतरी लपून घोषणा करायची, आणि तिनं चाचपडत त्याला शोधायचं. नियम एकच. "कपडे बघायचे नाहीत, चेहऱ्यावर जायचं नाही. आवाजावर यायचं. आवाज माझा, तर मी."

पोर मोठी शहाणी, एकदा सांगितलेलं विसरायची नाही. याचं त्याला कोण कौतुक होतं.

आता ती त्याच्या खोलीत पाऊल टाकेना. त्यानं दातांतल्या दातांत तिचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर घशातून नुसतं घुं घुं निघालं आणि तिनं कानांवर हात ठेवले. त्या दिवशी भोंगा रडला. तो कशानंही रडणारा माणूस नव्हता, पण पोटच्या पोरीनं असं परक्यासारखं बघावं हे त्याला सोसलं नाही.

सूप देताना बायको म्हणाली, "आज गोष्ट छान रंगली होती तुमची. पोट भरून जेवली बटण. पण बाईंनी बोलू नका म्हटलंय, विसरलात का?"

त्यानं पाटी ओढली. लिहिलं, 'मी नाही बोललो.'

"दातांतल्या दातांत का होईना, बोललातच ना. मी रागावत नाहीये, लपवता कशाला?" तिनं त्याची हनुवटी पुसली, टॉवेल बदलला आणि भांडी घेऊन ती निघून गेली.

गोळ्या कडक होत्या. गुंगीत बोललो असेन, असं त्यानं स्वतःला समजावलं. तरी बोटानं त्यानं तारा एकदा चाचपून पाहिल्या. दातांत नख शिरायलाही जागा नव्हती.

३

डेपोचे कंट्रोलर भेटायला आले. माणूस भला, पण भोंग्याच्या तोंडाकडं बघवेना म्हणून सगळा वेळ भिंतीशी बोलत राहिला.

भोंग्याची कामाची एक तऱ्हा होती. गाडी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो घोषणा करायचा नाही. माइक हातात घेऊन केबिनच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळायचा, एक टाच वर, गाडीचा पुढचा भाग दिसला की बोलायला सुरुवात. खिडकीचा गज सडलाय, असं त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्या दिवशी गज निघून हातात आला, आणि घोषणा अर्धी राहिली असतानाच भोंगा तोंडावर फलाटाच्या काठावर आपटला.

"एक विचारू का रे?" कंट्रोलर म्हणाले. "तू पडलास तेव्हा मी खालीच होतो. धावत आलो. तुझं तोंड रक्तानं भरलेलं, शुद्ध हरपलेली. आणि वर लाउडस्पीकरमधून तुझी घोषणा चालूच. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात, गाडी सुटत आहे. पार शेवटपर्यंत, मी या कानांनी ऐकलं."

भोंग्यानं लिहिलं, 'तिथं आवाज घुमतो.'

"हो, घुमतो खरा. तेच असणार." कंट्रोलरांना हे उत्तर एवढं पटलं की ते लगेच उठलेच. दारात चपला घालताना म्हणाले, "पण तू जरा कमी बोल आता. जिना चढताना तुझंच ऐकत आलो मी. बरा होशील, घाई कशाला?"

 

४

बायकोची रजा संपली. लाँड्रीच्या काउंटरवर तिची दुपारची पाळी असायची. बटणला खालच्या काकू शाळेतून आणून सोडायच्या आणि आई येईपर्यंत ती आपली आपण खेळायची. आजारी बाप घरात आहे म्हणजे मोठं माणूस आहे, असा हिशेब.

पहिल्याच दुपारी भोंग्याला आवाज ऐकू आला.

आपला आवाज आपल्याला आतून वेगळाच ऐकू येतो, पण भोंग्याला स्वतःचा बाहेरचा आवाजही पाठ होता. लाउडस्पीकरमधून परत येणारा, भरदार, शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळणारा. तोच आवाज मागच्या खोलीतून येत होता. "लक्ष द्या. बटणगावला जाणारी गाडी डेपोतून निघाली आहे. खिडकीजवळची जागा एका मुलीसाठी राखून ठेवली आहे." मग बटणचं खुदकन हसणं.

खरं सांगायचं तर आधी त्याला बरं वाटलं. हरवलेली वस्तू शेजारच्या खोलीत सापडावी तसं. क्षणभर तो डोळे मिटून ऐकतच राहिला. मग हात आपोआप तोंडाकडं गेला. तारा तशाच आवळलेल्या होत्या.

भिंतीला धरत धरत तो गेला. मागची खोली म्हणजे काय, तर एक लोखंडी कपाट, जुन्या गाद्या आणि कपडे वाळत घालायची दोरी. दुसरं दार नाही. उंचावर जाळी मारलेली एक खिडकी, तिच्यातून मांजरसुद्धा येणार नाही. दोरीवर चादरी आणि त्याचा निळा शर्ट. बटण उंबऱ्यात ताटली घेऊन बसली होती, तोंड आतल्या बाजूला.

तो आला आणि आवाज थांबला. त्यानं कपाट उघडून पाहिलं, गाद्या हलवल्या, चादरी बाजूला केल्या. रेडिओ नाही, फोन नाही, काही नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत त्यानं लिहिलं, 'कोण आहे?' बटणनं एकेक अक्षर लावत वाचलं.

"बाबा आहे," ती म्हणाली. मग पायाचा अंगठा जमिनीवर घासत, अंग चोरून म्हणाली, "तुम्ही झोपा ना. आई म्हणाली, तुम्हाला बरं नाहीये."

बोलायला लागल्यापासून तिनं बापाला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

५

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं लिहून दाखवलं. पाटी पुसायची, लिहायचं, पुसायची. ती कामावरून आलेली, पाय सुजलेले, समोर गाळायचं सूप. तिनं निम्मं वाचलं असेल.

"गोळ्यांचं असतं हो असं. बाईंना विचारू."

सर्जनबाईंनी विचारून घेतलं, कानात बॅटरी मारून पाहिलं. डोक्याच्या हाडांतून आवाज विचित्र घुमतात, म्हणाल्या. लेकरंही सूज उतरली की ओळखतात. घशातून आता घुं घुंसुद्धा उमटत नाही, ते न वापरल्यामुळं. येईल. तारा मात्र अजून काढायच्या नाहीत.

घरी आल्यावर त्यानं पाटीवर एकच वाक्य लिहिलं आणि ती बायकोच्या तोंडासमोर धरली. 'माझे दात बांधलेले आहेत, मग तुझ्याशी कोण बोलतं?'

तिनं वाचलं. त्याच्याकडं नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी. तिचा चेहरा हळूहळू उतरला. मग तिनं पदरानं पाटी पुसून टाकली.

"माझ्यात आता ताकद नाही हो," ती म्हणाली. "घरात तुमचा आवाज येतो, पोर जेवते, हसते. मी ओट्याशी उभी असते तेव्हा कुणीतरी मला ओ देतं. मला तेवढं राहू दे. तारा निघाल्या की मग बघू काय ते."

त्याला तिचा राग आला आणि लगेच कीवही आली. तिला समजावणार तरी कसं? बायकोला ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं. गाडीच्या घोषणा तीन असतात. निघाली आहे, फलाटाला लागली आहे, आणि सुटत आहे. पहिली त्या दुपारी झाली. दुसरी कालच झाली होती. चादरीपलीकडून अगदी स्पष्ट, "बटणगावची गाडी फलाटाला लागली आहे," आणि बटणनं टाळ्या वाजवल्या होत्या. तिसरी घोषणा करायला तो स्वतः कधी उशीर लावत नसे.

त्यानं मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली, आणि बायकोला लिहून दिलं की उद्या कामावर जाऊ नको. ती गेली. न जाऊन भागण्यासारखं नव्हतं.

६

दुपारी काकू बटणला सोडून गेल्या. भोंगा मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता. बटण लांबूनच त्याच्याकडं बघत, आपलं दप्तर कुशीत घेऊन उभी राहिली. तिनं बूट काढलेच नाहीत.

"लक्ष द्या," त्याच्या पाठीमागच्या फळ्यांतून आवाज आला. फळ्या थरथरल्या, ते त्याला मणक्यात जाणवलं. "बटणगावला जाणारी गाडी सुटत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

"ओ बाबा, आले," बटण म्हणाली आणि पुढं झाली.

त्यानं तिचा दंड धरला. ती किंचाळली. किती घट्ट धरलंय हे त्याचं त्याला कळत नव्हतं. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, आणि त्या डोळ्यांत ओळखीचा एक कण नाही, नुसती भीती.

"बटण," आतून आवाज आला. शांत, समजूत घालणारा. तापात तिच्या उशाशी बसून तो बोलायचा तसाच. "घाबरायचं नाही. काय शिकवलंय मी तुला?"

"चेहऱ्यावर जायचं नाही," ती हुंदके देत म्हणाली.

"मग?"

"आवाजावर यायचं."

भोंग्यानं तिला सोडलं. दुसरं काय करणार होता तो? एक हाक, फक्त एक हाक त्याच्या तोंडून निघाली तर पोर वळेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो धडपडत पलंगापाशी गेला, खिळ्याचा कटर ओढून काढला आणि आरशासमोर उभा राहिला. बाईंनी दाखवलेली पहिली तार, दुसरी. हिरडीतून रक्त आलं. मागून स्टूल ओढल्याचा आवाज आला. तिसरी तार तुटली, चौथी तुटली. मागं कडी वाजली.

जबडा खाली आला तेव्हा डोळ्यांपुढं पांढरं झालं. एवढे दिवस मिटलेलं तोंड त्यानं दोन्ही हातांनी धरून उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि जीव एकवटून लेकीला हाक मारली.

नुसती हवा निघाली. माइक बंद असताना बोलावं तशी.

त्यानं पुन्हा मारली. ओठ हलत होते, जीभ हलत होती, सगळं जागच्या जागी होतं. आत आवाजच नव्हता.

तो मागच्या खोलीच्या दारात पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. दोरीवरची मोठी चादर खिडकीच्या उजेडात पारदर्शक झाली होती, आणि तिच्यामागं कुणीतरी उभं होतं. पुढं झुकून, एक हात तोंडाशी, एक टाच वर. दुसऱ्या हातात एक लहानसा हात. भोंग्यानं झेप घेऊन चादर ओढली. दोरी तुटली, कपडे त्याच्या अंगावर आले.

मागं भिंत होती. भिंतीशी बटणचे बूट होते, नीट शेजारी शेजारी, टोकं भिंतीकडं केलेली.

७

बायको आली तेव्हा तो तिथंच बसलेला होता. ओल्या कपड्यांत, तोंड उघडं, शर्टावर रक्त, मांडीवर ते बूट. भिंत ओरबाडून त्याच्या बोटांची सालं निघाली होती. उठायला गेला तर पाय उचलेनात.

त्याला कुलपात किल्ली फिरल्याचं ऐकू आलं. पर्स ठेवल्याचं, नळ सोडल्याचं. ती नेहमीसारखी थेट ओट्याशी गेली. भांडं आपटलं. त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. घशातून श्वास नुसता जात येत होता, आणि तोही नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हता. मग त्यानं बूट भिंतीवर आपटायला उचलला.

"अहो, आले हो मी," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. थकलेला आवाज. "आज केवढी गर्दी होती, उभं राहून कंबर मोडली. बटण कुठंय?"

"माझ्याजवळच आहे," भोंग्याच्या आवाजात, अगदी त्याच्या डोक्यावरून उत्तर आलं. भरदार, शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळलेलं.

"बटण?"

"ओ," लेक म्हणाली. भिंतीच्या आतून, हसत हसत.

बूट त्याच्या हातातच राहिला. पलीकडं नळ बंद झाला. क्षणभर घरात काहीच आवाज नव्हता, आणि भोंग्याला वाटलं, आता ती येईल. आता ती वळेल, चार पावलं टाकेल आणि बघेल.

"बरं," बायको म्हणाली. "हात धुऊन या दोघं. मी सूप गाळते."

आणि तिनं मिक्सर लावला.